दुर्धर आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्था नेमकं काय करतात?

आजारी मुलगा एका दिवसासाठी पोलीस अधिकारी होतो, एखाद्या मुलीला तिचा आवडता खेळाडू भेटायला येतो, आणि तो व्हिडिओ दोन दिवसांत लाखो मोबाइलवर फिरतो. खालच्या प्रतिक्रिया बहुतेक दोनच प्रकारच्या असतात. काही जण डोळे पुसतात, काही जण विचारतात, 'एवढे पैसे औषधांना दिले असते तर?' दोन्ही प्रकारच्या लोकांना त्या व्हिडिओच्या आधी काय घडलं ते सहसा माहीत नसतं. याच मुलाची निवड कुणी केली? पैसे कुणाचे? डॉक्टरांना विचारलं होतं का? आणि मुलाला खरंच तेच हवं होतं, की तेवढंच कॅमेऱ्यात छान दिसणारं होतं? शेवटच्या प्रश्नावर बाकीचं बरंचसं अवलंबून आहे, म्हणून लेखभर त्याच्याकडे पुन्हा पुन्हा यावं लागेल.

सुरुवात एका गणवेशापासून

१९८० साल. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ख्रिस नावाच्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. मोठं होऊन त्याला पोलीस व्हायचं होतं. तेवढा वेळ त्याच्याकडे नाही हे घरच्यांना कळून चुकलं होतं. ओळखीच्या एका कस्टम्स अधिकाऱ्याने ही गोष्ट राज्य पोलीस खात्यातल्या मित्रांच्या कानावर घातली. एप्रिलच्या अखेरीस त्या मंडळींनी ख्रिसला हेलिकॉप्टरमधून फिरवलं आणि मानद अधिकारी म्हणून खात्यात घेतलं. पोलिसांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानाने रातोरात त्याच्या मापाचा गणवेश तयार केला. मोटरसायकल पथकाचा बिल्ला मात्र परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. मग बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरसायकलवर त्याची परीक्षाही झाली. मे महिना लागला आणि काही दिवसांतच तो गेला.

त्या पोलिसांपैकी फ्रँक शँकविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग ठरवलं की हे एकाच मुलापुरतं राहू नये. त्यातून 'मेक-अ-विश' ही संस्था उभी राहिली. आज ती सुमारे ५० देशांत काम करते आणि आजवर तिने ५ लाखांहून जास्त इच्छा पुऱ्या केल्या आहेत. त्याच दशकात आणि नंतर अशा आणखी बऱ्याच संस्था निघाल्या.

मला या गोष्टीत हेलिकॉप्टरपेक्षा ती परीक्षा महत्त्वाची वाटते. बिल्ला नुसता हातात ठेवला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण त्या मुलाला पोलीस व्हायचं होतं, पोलीस दिसायचं नव्हतं. समोरच्या माणसांनी हा फरक ओळखला आणि आजारी म्हणून त्याला सूट दिली नाही.

'शेवटची इच्छा' हा शब्दच चुकीचा

बातम्यांत सर्रास 'शेवटची इच्छा' असा मथळा दिसतो. ख्रिसच्या बाबतीत तो लागू पडला असता, पण आज बहुतेक मुलांना तो लागत नाही. या संस्थांचा निकष 'दुर्धर आजार' असा असतो. आजार जिवाला धोका निर्माण करणारा किंवा हळूहळू वाढत जाणारा असावा, एवढीच अट. मूल मरणाच्या दारात असलं पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही.

फरक किती मोठा आहे ते आकड्यांवरून दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरे होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे, आणि त्यामागे निदानाला होणारा उशीर, न परवडणारी औषधं, अर्धवट सुटलेले उपचार अशी कारणं आहेत. थोडक्यात, ज्या मुलाची इच्छा आज पुरी होते ते उद्या शाळेत जाणार, मोठं होणार, अशी शक्यता भरपूर असते. त्याच्या व्हिडिओवर 'देव त्याच्या आत्म्याला शांती देवो' असं लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. ते मूलही ती प्रतिक्रिया वाचतं.

आता उलट बाजू. काही मुलांकडे खरोखरच वेळ नसतो. त्यांच्यासाठी बहुतेक संस्था वेगळी तातडीची वाट ठेवतात, एरवी काही महिने चालणारं काम काही दिवसांवर आणतात. ही गरज कशी पुढे आली त्याचीही एक कथा आहे. १९८०च्या दशकात फ्लोरिडातले हॉटेल व्यावसायिक हेन्री लँडवर्थ अशा मुलांना फुकट खोल्या देत असत. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या एका सहा वर्षांच्या मुलीची खोली ठरली, पण प्रवासाची आणि बाकीची जुळवाजुळव होईपर्यंत ती हयात राहिली नाही. खोली तशीच रिकामी राहिली. नाझी छळछावण्यांतून वाचून आलेल्या लँडवर्थ यांना ते सहन झालं नाही. १९८६ मध्ये त्यांनी 'गिव्ह किड्स द वर्ल्ड' नावाची संस्था काढली आणि अशा कुटुंबांसाठी एक संपूर्ण वसाहतच उभारली. तिथे राहणं, खाणं, थीम पार्कची तिकिटं सगळं एकाच ठिकाणी जमून येतं.

नाव कळवण्यापासून इच्छा पुरी होईपर्यंत

मुलाचं नाव संस्थेला कळवण्याला 'रेफरल' म्हणतात. नाव डॉक्टर, नर्स, रुग्णालयातले समाजसेवक, आईवडील किंवा मूल स्वतःही कळवू शकतं. शेजाऱ्याने परस्पर कळवलेलं मात्र सहसा चालत नाही, कारण कुटुंबाची संमती लागते. वयाची मर्यादा साधारण अडीच-तीन वर्षांपासून १८ पर्यंत असते. खालची मर्यादा अशासाठी की आपल्याला काय हवं ते मुलाला कुठल्या ना कुठल्या प्रकारे सांगता आलं पाहिजे. बोलता न येणारी मुलं चित्रांवर बोट ठेवून, खुणांनी किंवा उपकरणाच्या मदतीने सांगतात.

पुढचा टप्पा डॉक्टरांचा. उपचार करणारे डॉक्टरच ठरवतात की आजार निकषात बसतो का आणि मागितलेली गोष्ट आत्ता करणं सुरक्षित आहे का. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अशा वेळी गर्दीत जाणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. त्यामुळे हो म्हणूनही तारीख पुढे ढकलली जाते. घरची मिळकत मात्र निकषात धरत नाहीत, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. बंगल्यात राहणाऱ्या मुलालाही हा हक्क आहे, कारण इथे पाहिला जातो तो आजार.

आता येतो सर्वांत नाजूक भाग. सहसा दोन प्रशिक्षित स्वयंसेवक घरी किंवा वॉर्डात जातात आणि मुलाशी बोलतात. शक्य असेल तर आईवडील समोर नसताना बोलतात. कारण साधं आहे. मूल आईकडे बघत उत्तर देतं. घरात पैशांची चणचण आहे हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं, आणि ते 'मला फ्रिज हवा' म्हणून मोकळं होतं. दुसरीकडे वडिलांना वाटत असतं की पोराने परदेश पाहावा, आणि पोराला हवं असतं कुत्र्याचं पिल्लू. स्वयंसेवकाचं कसब इथेच लागतं. 'तुला काय पाहिजे?' असा थेट प्रश्न तो पहिल्यांदा विचारत नाही. तुला कधी कंटाळा येत नाही, कुणासारखं व्हावंसं वाटतं, जादू करता आली तर सकाळी उठून पहिलं काय करशील, असं बोलत बोलत तो मुळापर्यंत जातो.

इच्छांचे ढोबळ पाच प्रकार केले जातात: कुठेतरी जायचं, काहीतरी व्हायचं, कुणालातरी भेटायचं, काहीतरी मिळवायचं आणि काहीतरी द्यायचं. शेवटचा प्रकार मोठ्यांना गप्प करतो. आपल्याला मिळणारी संधी वॉर्डातल्या इतर मुलांच्या खेळण्यांवर किंवा शाळेवर खर्च करायची, असं मागणारी मुलं खरोखर असतात. भेटीच्या प्रकारात व्यावसायिक कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना याचं नाव सगळ्यांच्या पुढे आहे. २०२२ पर्यंत त्याने ६५० मुलांच्या भेटीच्या इच्छा पुऱ्या केल्या होत्या, आणि तो विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला.

नकारही असतात. शिकार किंवा बंदूक यांच्याशी संबंधित इच्छा मेक-अ-विश पुरी करत नाही. उपचारांचा खर्चही बहुतेक इच्छापूर्ती संस्था उचलत नाहीत, कारण तसं केलं तर कुणाला उपचार मिळावेत हे ठरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडेल. आणि एका संस्थेने इच्छा पुरी केली असेल तर सहसा दुसरी संस्था तेच मूल घेत नाही.

एका दिवसाने असा काय फरक पडतो?

दुर्धर आजार झालेल्या मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिलं की याचं उत्तर सापडतं. कधी उठायचं, काय खायचं, कुणी भेटायला यायचं, सुई कुठल्या हाताला टोचायची, केस ठेवायचे की नाही, हे सगळं दुसरेच ठरवतात. मायेने ठरवतात, गरजेपोटी ठरवतात, पण ठरवतात दुसरेच. त्याच्या वयाची बाकीची मुलं हट्ट करतात, रुसतात, मित्र निवडतात. याच्या वाट्याला आलेलं असतं 'शहाण्यासारखं सहन करणं'. अशा मुलाला कोणीतरी येऊन विचारतं की तू ठरव, आणि मग चार मोठी माणसं त्याच्या शब्दाप्रमाणे धावपळ करतात. मला वाटतं की देणगीतून खरी खरेदी होते ती याची. खेळणं, विमानाचं तिकीट ही त्याची साधनं झाली.

दुसरं, इच्छा पुरी होण्याच्या दिवसापेक्षा आधीचे दिवस जास्त कामाला येतात. सहलीची तारीख ठरली की मुलं आठवडाभर आधीपासून पिशवी भरायला लागतात, सहल तिथेच सुरू झालेली असते, तसंच हे. म्हणून चांगल्या संस्था वाट पाहण्याचा काळही मुद्दाम रंगवतात. पत्रं येतात, तारखा खोडल्या जातात, छोट्या खुणा पोचतात. दुखऱ्या उपचाराच्या आठवड्यात मुलाला 'हे संपलं की' असं म्हणायला काहीतरी मिळतं.

हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण पुरावा? थोडा आहे, आणि तो जसा आहे तसाच सांगायला हवा. इस्रायलमध्ये कर्करोग झालेल्या ६६ मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची इच्छा लगेच पुरी केली, दुसऱ्याला प्रतीक्षा यादीत ठेवलं, म्हणजे त्यांचीही होणार होती पण नंतर. पहिल्या गटात नैराश्य आणि चिंता तुलनेने कमी झाली, आशा वाढली. अभ्यास छोटा, पण पद्धत भक्कम.

दुसरा अभ्यास अमेरिकेत ओहायोतल्या एका मोठ्या बालरुग्णालयाचा. इच्छा पुरी झालेल्या ४९६ मुलांची तुलना तशाच वयाच्या आणि आजाराच्या, पण इच्छा पुरी न झालेल्या ४९६ मुलांशी केली गेली. पहिल्या गटात अचानक ॲडमिट करावं न लागण्याची शक्यता सुमारे २.५ पट आणि तातडीच्या विभागात धाव घ्यावी न लागण्याची शक्यता सुमारे १.९ पट जास्त निघाली. हा आकडा जाहिरातींत भरपूर वापरला जातो. इथे सावध व्हायला हवं. या अभ्यासात गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, जुन्या नोंदी तपासल्या होत्या. ज्या मुलांची तब्येत प्रवास झेपण्याइतकी बरी होती, ज्यांचे आईवडील अर्ज भरण्याइतके सावरलेले होते, त्यांच्याच इच्छा जास्त पुऱ्या झाल्या असतील. त्यामुळे इच्छेने आजार हटतो असा अर्थ यातून काढता येत नाही. मन सावरतं, आणि सावरलेलं मूल उपचारांना जास्त चांगली साथ देतं, इथपर्यंत म्हणायला हरकत नाही.

'हेच पैसे औषधांना का नाहीत?'

हा आक्षेप सर्वांत जोरकसपणे मांडला तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी. १५ नोव्हेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहराने पाच वर्षांच्या एका मुलाला दिवसभर बॅटमॅनचा साथीदार 'बॅटकिड' बनवलं. त्याचे ल्युकेमियाचे उपचार संपलेले होते. रस्त्यांवर हजारो लोक उतरले, आणि महापालिकेला सुमारे १ लाख ५ हजार डॉलर खर्च आला, जो पुढे देणगीतून भरून निघाला. त्यानंतर साधारण महिन्याभराने सिंगर यांनी हिशेब मांडला: एका इच्छेचा सरासरी खर्च ७,५०० डॉलर. तेवढ्या पैशांच्या मच्छरदाण्या मलेरियाग्रस्त भागात वाटल्या तर किमान दोन-तीन मुलांचे जीव वाचतील.

हा हिशेब भावनेने उडवून लावू नये असं मला वाटतं. ज्याच्याकडे द्यायला एकच रक्कम आहे आणि त्यातून जास्तीत जास्त जीव वाचावेत हाच हेतू आहे, त्याने मच्छरदाण्यांनाच द्यावी. पण दोन गोष्टी त्या हिशेबात बसत नाहीत. एक, इच्छांमधला मोठा वाटा रोख पैशांचा नसतोच. कुणी विमान प्रवासाचे साठलेले मैल देतं, कुणी हॉटेलची खोली, कुणी स्वतःचा दिवस. कुस्तीपटूच्या एका दुपारच्या वेळेतून मच्छरदाणी विकत घेता येत नाही. दोन, माणसं दान करताना एकाच खात्यातून करत नाहीत. ओळखीच्या कारणासाठी दिलेले पैसे, ते कारण काढून टाकलं तर आपोआप दूरच्या कारणाकडे वळतील, असं गृहीत धरता येत नाही.

बॅटकिडच्या दिवसाबद्दल माझी शंका वेगळीच आहे. मुलाला हवा होता एक दिवस, शहराला हवा होता सोहळा. त्या मुलाने दोन्ही निभावलं. पण प्रत्येक पाच वर्षांच्या पोराला हजारोंची गर्दी झेपेलच असं नाही.

आणि परिस्थितीने मागे राहिलेली मुलं?

काही संस्था आजाराऐवजी गरिबी, अनाथपण किंवा घरातली हिंसा यामुळे मागे पडलेल्या मुलांच्या इच्छा पुरवतात. अमेरिकेत २००८ पासून 'वन सिंपल विश' ही संस्था पालकांपासून दूर, सरकारी देखरेखीत वाढणाऱ्या मुलांसाठी हे करते. तिथल्या टपाल खात्याने तर सांताक्लॉजच्या नावे आलेल्या मुलांच्या पत्रांना उत्तरं देण्याची मुभा कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना १९१२ मध्येच दिली होती.

इथली अडचण वेगळी आहे. आजार हा अपघातासारखा येतो, त्याला उत्तर म्हणून एक असाधारण दिवस शोभतो. गरिबी रोजची असते, दुसऱ्या दिवशीही ती तिथेच असते. म्हणून इथे एका दिवसाच्या झगमगाटापेक्षा टिकणारी वस्तू किंवा पुढे चालू राहणारी गोष्ट बरी ठरते: सायकल, वाद्य, पोहण्याची शिकवणी.

शिवाय आपल्या मनात एक खोच असते. गरीब मुलाने वह्या मागितल्या की आपल्याला बरं वाटतं, व्हिडिओ गेम मागितला की कपाळाला आठ्या पडतात. वह्या ही गरज आहे, ती कुणीतरी भागवलीच पाहिजे, त्यासाठी मुलाला इच्छा खर्च करायला लावू नये. आपल्या पसंतीचीच इच्छा असली तर पुरवायची, याला इच्छा पुरवणं म्हणत नाहीत.

मुलाचं प्रदर्शन होतं त्याचं काय?

होतं, आणि अनेकदा गरजेपेक्षा जास्त होतं. देणग्या चेहऱ्यांवर मिळतात हे प्रत्येक संस्थेला ठाऊक आहे. पण आजचा फोटो दहा वर्षांनी शोधून काढता येतो, आणि बरा झालेला तरुण नोकरीच्या मुलाखतीला जातो तेव्हा त्याची टक्कल पडलेल्या अवस्थेतली छायाचित्रं त्याच्या आधी तिथे पोचलेली असतात. पालकांची सही ही कायद्यापुरती झाली. मुलाला वेगळं विचारलं का, आणि नाही म्हटल्यावरही इच्छा तशीच पुरी झाली का, हे पाहायला हवं. फोटोच्या बदल्यात इच्छा, असा सौदा जिथे दिसतो तिथून देणगीदाराने बाजूला व्हावं. सांताच्या पत्रांच्या त्या योजनेतही पुढे मुलांची ओळख आणि पत्ते झाकायचा नियम करावा लागला.

फॉरवर्ड, शेअर आणि फसवणूक

'या मुलाचा फोटो शेअर करा, प्रत्येक शेअरमागे संस्था पैसे देईल.' असा संदेश आला तर तो खोटा समजावा. इच्छापूर्ती संस्था शेअर मोजून पैसे देत नाहीत.

हा प्रकार इंटरनेटच्याही आधीचा आहे. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या क्रेग शेरगोल्ड या मुलाला मेंदूत गाठ झाली होती. सर्वाधिक शुभेच्छापत्रं मिळवण्याचा विक्रम व्हावा म्हणून आवाहन केलं गेलं, आणि पत्रं कोट्यवधींनी आली. १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊन त्याची गाठ निघाली. तो बरा झाला, मोठा झाला. आवाहन मात्र थांबेना. नाव, वय, पत्ता बदलत ते फिरत राहिलं, मध्येच त्यात मेक-अ-विशचं नावही घुसलं, ज्या संस्थेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. गिनीजने तो विक्रमाचा प्रकारच बंद केला, तरी पत्रांची पोती येतच राहिली. शेरगोल्ड २०२० पर्यंत जगला, म्हणजे 'मरणाऱ्या मुलाला पत्र पाठवा' ही विनंती खुद्द त्यानेच वर्षानुवर्षं पाहिली.

फसवणुकीची दुसरी तऱ्हा कागदोपत्री कायदेशीर असते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शोधपत्रकारांनी 'किड्स विश नेटवर्क' या संस्थेचे हिशेब तपासले. दहा वर्षांत जमलेल्या सुमारे १२.८ कोटी डॉलरपैकी जवळपास ११ कोटी डॉलर देणग्या गोळा करून देणाऱ्या कंपन्यांनाच गेले होते. मुलांच्या थेट मदतीला डॉलरमागे तीन सेंटही पोचत नव्हते. नाव नामांकित संस्थेसारखं होतं, फोनवरचा आवाज गहिवरलेला होता.

म्हणून देणगी देण्याआधी संस्थेचा वार्षिक अहवाल मागावा आणि त्यात एकच गोष्ट आधी शोधावी: देणग्या मिळवायला किती खर्च झाला आणि मुलांवर किती. मग विचारावं की इच्छा कोण नक्की करतं, डॉक्टरांचं पत्र घेतात का, स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासतात का, फोटो नाकारणाऱ्या कुटुंबाचं काय होतं. खरं काम करणारी माणसं या प्रश्नांनी दुखावत नाहीत, कारण हे प्रश्न त्यांनी स्वतःला आधीच विचारलेले असतात. पैसे नसतील तर बऱ्याच संस्थांना स्वयंसेवक लागतात. त्यासाठी तपासणी आणि प्रशिक्षण असतं, आणि कामाचा मोठा भाग मुलासमोर बसून, घाई न करता, त्याचं ऐकण्याचा असतो.